सगुणाबाईंचं वाचन

“साहेब, हे कोण बोललंय?”

सगुणाबाईंनी पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्यापुढं धरला. फेब्रुवारीतल्या एका बुधवारची दुपार होती. चर्चशेजारच्या खोलीत बायकांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग नुकताच संपला होता. सतरंजीवरून आठ-दहा बायका उठायच्या बेतात होत्या, त्या हा प्रश्न ऐकून पुन्हा बसल्या.

पुठ्ठ्यावरचं अक्षर माझंच होतं. निळ्या शाईत, जरा नक्षी काढून लिहिलेलं: ‘हंगामात पेंढी घरी यावी, तसा तू पुऱ्या वयाचा होऊनच कबरेत जाशील.’ खाली इयोबाच्या पुस्तकाचा अध्याय आणि ओवी. पुस्तक माझ्या मांडीवरच होतं. पान उघडून बघायला कितीसा वेळ लागला असता? घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा.

“देव बोलला, बाई,” मी म्हणालो. “दुसरं कोण बोलणार? पवित्र शास्त्र आहे हे.”

“तसं न्हवं, साहेब. तुमीच सांगितलंय न्हवं का, आदी इचारायचं कोन बोलतंय, कुनाला बोलतंय, आन् मागं-फुडं काय हाय. म्हनून इचारलं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला हसलं असेल, पण मला वाटलं ते मलाच हसलं. अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. सहा महिन्यांपूर्वी सेमिनरीतून ताजा-ताजा पाळक होऊन या गावात आलो होतो, आणि ताज्या पाळकाइतकं हळवं नाक दुसऱ्या कुणाचं नसतं.

“अभ्यास वेगळा आणि विश्वास वेगळा, सगुणाबाई,” मी आवाज जरा चढवून म्हणालो. “नववर्षाला तुमच्या हाती आलेलं वचन आहे हे. देवानं दिलंय. धरून ठेवा, त्याची चिरफाड करत बसू नका.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पदराच्या टोकानं पुठ्ठा पुसत त्या म्हणाल्या, “तुमी म्हंता तर तसंच.” आणि संध्याकाळच्या भाकरीचं पीठ काढायला निघून गेल्या.

त्या दिवशी त्यांच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढायला वीस मार्चची तारीख दिली होती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी पान उघडलं असतं का? उघडलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

गोदावरीच्या काठचं ते आमचं मिशनचं गाव. एक चर्च, एक शाळा, मुलींचं एक बोर्डिंग. सगुणाबाई पारखे त्या बोर्डिंगच्या स्वयंपाकीण, वय अडतीस. नवरा आमोस बोर्डिंगची बाग बघायचा आणि रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. आमोसरावांना अक्षरओळख नव्हती. सगुणाबाई तिशी ओलांडल्यावर, बोर्डिंगच्याच पोरींच्या पाट्या मागून घेऊन वाचायला शिकल्या होत्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाचायच्या. एक पान व्हायला पाव तास लागायचा. दुसऱ्या बायका आपली गंमत करतात हे त्यांना कळायचं, म्हणून वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली की त्या चष्मा विसरल्याचं सांगायच्या. मुळात त्यांना चष्मा नव्हताच.

पण डोकं असं की काय सांगू! शास्त्र कसं वाचावं हे मी वर्गाला शिकवत होतो. एक ओवी उपटून हातात घ्यायची नाही, हा माझा पहिला धडा. स्तोत्रात ‘देव नाही’ असे शब्द आहेत, पण ते मूर्ख माणूस मनाशी म्हणतो, हे मी उदाहरणादाखल सांगितलं, तेव्हा बाकीच्या बायका नुसत्या माना डोलावत होत्या. सगुणाबाई मात्र म्हणाल्या, “म्हंजे नुसत्या रश्श्यावरनं भाजी कशाची ते सांगू नये. तळाला पळी घालावी.” इतकं नेमकं मला सेमिनरीत कुणी सांगितलं नव्हतं. मी ते दोन रविवारी उपदेशात वापरलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यांचं नाव न घेता वापरलं.

आता त्या पुठ्ठ्याचं सांगतो. आमच्याकडं एक जानेवारीच्या सकाळी उपासनेनंतर वचनं काढायची रीत आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शास्त्रातली वचनं लिहिलेली कार्डं असतात. लहानथोर सगळे एकेक उचलतात. जे हाती येईल ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. कुणी ते बायबलमध्ये ठेवतं, कुणी चुलीवरच्या भिंतीला चिकटवतं. वर्षभर काही बरंवाईट झालं की माणसं त्या कार्डाकडं बघतात. त्या साली छापील कार्डं कमी पडली. मंडळी फार जमली होती. मी आत जाऊन जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले आणि घाईघाईनं वीस-पंचवीस वचनं लिहून काढली. पानं उलटत गेलो, जिथं गोड वाटलं तिथून उतरवलं. कोण बोललं, कुणाला बोललं, हे मी वर्गापुरतं ठेवलं होतं.

मार्चच्या दहा तारखेला दुपारी आमोसराव माझ्या दारात आले. सायकल भिंतीला टेकवली, चपला बाहेर काढल्या, आणि आत येऊन उभेच राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग त्यांनी मला गाठीचं सांगितलं.

“डॉक्टरीन म्हनली, अजून बारकी हाय, आत्ता काढली तर बाई वाचंल. वीस तारीख दिलीया. आन् ही म्हंती म्या जानार न्हाई.”

“का?”

“तिची मावशी आपरेशनातच मेली हो. चाकूचं भ्या घेतलंय तिनं पहिल्यापास्नं. तरी मनवलीच व्हती म्या. तयार झाली व्हती. आन् मंग ते नव्या वर्साचं वचन धरून बसली.” आमोसरावांनी ते मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, एक शब्द इकडं-तिकडं नाही. “म्हंती, देव सोता बोललाय की पुऱ्या वयाची व्हईन. मंग अडतिसाव्याला कशी मरंन? तुमच्या तोंडून ऐकलंय म्हंती. साहेब, तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल ती.”

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि येताना बायबल घेऊन आलो. इयोब, पाचवा अध्याय. सव्विसावी ओवी. मग मी उलटा वाचत गेलो, हे भाषण सुरू कुठं झालं ते बघायला. चौथ्या अध्यायाच्या आरंभी नाव होतं. अलीफज तेमानी.

ज्यांना पुस्तक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इयोब नावाच्या भल्या माणसाची पोरं मेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली. त्याचे तीन मित्र समाचाराला आले. अलीफज त्यांतला पहिला. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसून लांबलचक बोलणारा, आणि फार गोड बोलणारा. तू सरळ वाग म्हणजे तुला काही होणार नाही, तू पिकून मरशील, असं त्यानं इयोबाला ऐकवलं. आणि शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव या अलीफजला काय म्हणतो? माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत.

म्हणजे देवानं ज्याला खोटं ठरवलं त्याचं बोलणं मी देवाच्या नावावर कार्डात लिहिलं होतं. आणि बाईंनी तोंडावर विचारलं, तेव्हा ‘देव बोलला’ म्हणून त्यावर शिक्का मारला होता.

“घावलं का, साहेब?” आमोसरावांनी विचारलं.

“सापडलं,” मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं. “मी संध्याकाळी येतो त्यांच्याकडं.”

चार वाजता मी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात गेलो. सगुणाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. साठ पोरींच्या भाकऱ्या. दोन मदतनीस बायका कांदे चिरत होत्या, त्यांना मी बाहेर जायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

“सगुणाबाई, ऑपरेशन करून घ्या,” मी म्हणालो. “डॉक्टरसुद्धा देवानंच दिलेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.”

“व्हय, वाचलंय म्या.”

“मग?”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “साहेब, त्या बुधवारी म्या इचारलं व्हतं तुमाला. आठवतंय?”

“आठवतंय.”

“त्याचा जबाब अजून त्योच ना?”

कांदे चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. दारातून शाळेच्या मुख्याध्यापिका येताना दिसत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. गावात काय पसरेल? नव्या पाळकानं सैतानाचं वचन वाटलं. अलीफज काही सैतान नव्हता, पण गावाला तेवढा फरक कुठं कळतो? आणि डब्यातली बाकीची वचनं? लोक ती आणून माझ्यापुढं टाकतील. मी मनाशी ठरवलं, एकटं गाठून सांगू. उद्या सांगू.

“तोच,” मी म्हणालो. “पण त्याचा अर्थ असा की...”

“मंग पन कशाला, साहेब?” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा गोळा हातात घेतला.

तो उद्या काही आला नाही. रविवारी मी मोठा उपदेश केला. मोघम. शास्त्रातलं प्रत्येक वाक्य देवाचं बोलणं नसतं. माणसं बोलतात, शत्रू बोलतात, मूर्ख मित्र बोलतात. शास्त्र ते सगळं आपल्याला ऐकवतं, कारण खोटं कसं बोलतात हेही आपल्याला कळायला हवं. पाऊण तास बोललो. इयोबाचं नाव घेतलं नाही. सगुणाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि एकटक माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, समजल्या. दारात हात मिळवताना मी विचारलंसुद्धा, “कळलं ना, बाई?” त्या म्हणाल्या, “तुमी शिकिवता ते कळतंच की.” मी सुटकेचा श्वास सोडला. कशावर सोडला, देव जाणे!

वीस तारीख आली आणि गेली. आमोसरावांनी एप्रिलमध्ये पुन्हा तारीख आणली, तीही गेली. बोर्डिंगला मेची सुट्टी लागली, शाळा उघडली. सगुणाबाई काम करत होत्या. दंड जरा जड झालाय, भाकरी थापवत नाही, असं म्हणून त्यांनी ते काम दुसरीवर सोपवलं. माझ्या वर्गाला येणं त्यांनी चुकवलं नाही, पण प्रश्न विचारणं बंद केलं. मला बरंच वाटलं त्याचं. ऑगस्टमध्ये गाठ फुटली.

शाळेच्या जीपमधून त्यांना शहरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आमोसरावांना बाहेर बोलावून सांगितलं, आता कापण्यात काही अर्थ नाही, आजार सगळीकडं पसरला. मी चौथ्या दिवशी गेलो. अगोदर जाण्याची माझी छाती झाली नाही.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट. सगुणाबाई इतक्या वाळल्या होत्या की चादरीखाली अंग आहे असं वाटत नव्हतं. आमोसराव औषध आणायला खाली गेले, आणि पाच महिने मी ज्या एकांताची वाट बघत असल्याचं स्वतःला सांगत होतो, तो एकांत मिळाला.

“सगुणाबाई, तुम्हाला सांगायचंय काही,” मी म्हणालो. “ते वचन. ते देव बोलला नाही. अलीफज बोलला.”

त्या छताकडं बघत होत्या. “ठाव हाय मला.”

मला वाटलं, माझ्या उपदेशावरून कळलं असेल. तसं मी म्हणालो.

“न्हाई वं.” बोलताना त्यांना धाप लागत होती. “त्याच्या आदीच. तुमाला इचारलं न्हवं का बुधवारी, त्याच्या आदी म्या सगळं पुस्तक वाचलं व्हतं. तुमी सांगितल्यावानी. मागं-फुडं. बेचाळीस अध्याय. बावीस दिस लागलं.” त्या थांबल्या. मी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी हातानंच दूर सारला. “मला दिसत व्हतं अलीफज बोलतोय. आन् शेवटाला देव त्याला रागं भरतोय. ते बी दिसत व्हतं. मनात आलं, मंग हे वचन माझं कसं? आपरेशनला जायाचं म्हनून बोचकं बांधून ठेवलं व्हतं म्या. पर म्हनलं, एकदा साहेबांना इचारावं.”

मी पेला खाली ठेवला.

“तुमी म्हनला, देव बोलला. म्या म्हनलं, माजंच वाचनं चुकलं असंल. पोरींच्या पाटीवर शिकल्याली बाई मी. तुमी किती शिकल्याले.” मग त्या म्हणाल्या, “आन् खरं सांगू का, मला बी तेच पायजे व्हतं. देव बोलला म्हनला, तवा इतकं हायसं वाटलं! सोडलं मंग म्या बोचकं.”

“मला मार्चपासून ठाऊक होतं,” मी म्हणालो. आता सांगायचं तर सगळंच सांगून टाकावं, असं झालं होतं मला. “आमोसराव आले त्या दिवशी मी बघितलं.”

“मार्चापास्नं.” त्यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “मंग सैपाकघरात आला व्हता, तवा...”

मी खाटेशेजारी गुडघे टेकले. रडलो. माझी चूक झाली, मी भ्यालो, मला माझ्या अब्रूची पडली होती, देवापुढं आणि तुमच्यापुढं मी पापी आहे, मला क्षमा करा. असलं पुष्कळ बोललो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि माझ्याकडं बघत राहिली.

“केली की क्षमा. उठा,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आमोसराव परत आले तेव्हा त्या तशाच पडून होत्या. तशाच पडल्या-पडल्या त्या नवऱ्याला म्हणाल्या, “साहेबांना च्या पाजा आन् यष्टीत बशिवा. लांबनं आल्यात.”

सप्टेंबरच्या सहा तारखेला त्या गेल्या. गावात आणून पुरलं. घंटा आमोसरावांनीच वाजवली, दुसऱ्या कुणाला दोराला हात लावू दिला नाही. मी प्रार्थना केली, माती दिली, सगळं रीतीप्रमाणं केलं.

तिसऱ्या दिवशी मी आमोसरावांच्या खोलीवर गेलो. ते उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होते. बायको गेलेल्या माणसानं शेंगा फोडाव्यात याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, बोर्डिंगच्या कुटाला शेंगा लागतात, आणि ते काम रोज सगुणाबाई करायच्या. मी समोर जमिनीवर बसलो आणि त्यांना पहिल्यापासून सांगितलं. बिस्किटाचा डबा, बुधवार, अलीफज, स्वयंपाकघर, दवाखाना. काही ठेवलं नाही. ते मला मारतील असं वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं.

माझं संपल्यावर आमोसरावांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“म्हंजे तिनं बरूबर वाचलं व्हतं,” ते म्हणाले.

“हो.”

“एकलीनं? कुनी न सांगता?”

“हो. सगळंच बरोबर वाचलं होतं.”

“तुमच्यापरीस?”

“माझ्यापेक्षा.”

त्यांनी सुपातले दाणे हातानं सारखे केले. डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. माझ्यावर रागही नव्हता त्यात, आणि तेच मला आजतागायत सोसलेलं नाही.

“दवाखान्यात हे सांगितलं का तुमी तिला?” त्यांनी विचारलं. “की तू बरूबर वाचलं व्हतं म्हनून?”

मी आठवून पाहिलं. त्या खाटेशेजारी मी केवढं तरी बोललो होतो. माझी भीती, माझी अब्रू, माझं पाप, माझी क्षमा. सगळं माझं. ही बाई मरताना मनात काय घेऊन मरत होती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

“सांगायचं व्हतं हो, साहेब,” आमोसराव म्हणाले. “लई कमीपना वाटायचा तिला वाचन्याचा.”